एक जुलैची जन्मतारीख

वऱ्हाडातल्या जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं चाळली की १ जून, १ जुलै अशा जन्मतारखा ओळीने भेटतात. घरच्यांना नेमका दिवस सांगता येत नसे. गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार वय ठरवताना पहिला मान याच नोंदीवरून निघणाऱ्या शाळेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला. ते नसतील तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. खून किंवा बलात्काराच्या आरोपाखाली मूर्तिजापूरचा मुलगा अकोल्याच्या बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो, तेव्हा गुन्ह्याच्या दिवशी त्याला सोळा पूर्ण होती की नाही, यावर पुढचं सारं ठरतं. होती, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याचा रस्ता २०१५ च्या कायद्याने खुला केला आहे.

वय चुकलं तर काय होतं, ते पुण्याच्या राठी हत्याकांडात दिसलं. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पाच स्त्रिया आणि दोन मुलांचा खून झाला. एका आरोपीला प्रौढ धरून फाशी सुनावली गेली, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राजस्थानातल्या त्याच्या शाळेचं रजिस्टर पुढे आलं. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, असं त्याच न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं आणि तो नागपूरच्या कारागृहातून सुटला. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ गेला होता.

ती चूक वयाची होती, समजेची नव्हे. सोळा-सतराच्या मुलाला खून कळत नाही का, असं कुणी विचारेल. कळतो. पण प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे ठरवताना याच कायद्याचं कलम १५ एवढंच विचारत नाही. गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि त्या वेळची परिस्थिती, हे सगळं मंडळाने तीन महिन्यांत तपासायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. बालमानसशास्त्राची पदवी त्यांच्यापैकी कुणाकडे नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये बजावावं लागलं. तज्ज्ञ आला तरी तो मुलाला भेटतो ते घटनेनंतर, पोलिसांची चौकशी आणि निरीक्षणगृह पाहून झाल्यावर. वयाची चूक अठ्ठावीस वर्षांनी का होईना दुरुस्त झाली, कारण रजिस्टर शिल्लक होतं. गुन्ह्याच्या वेळच्या मनाचं रजिस्टर कुठे ठेवलेलं असतं?

पीडितांच्या घरच्यांचा संताप मात्र खोटा नाही. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षांची कमाल मुदत संपवून बाहेर आला, तेव्हा ती मुदत अनेकांना थट्टा वाटली. मलाही ती सगळ्याच गुन्ह्यांना पुरेशी वाटत नाही. मग मुदतच वाढवा. एकविसाव्या वर्षी मुलगा किती सुधारला हे पाहून सोडायचं की तुरुंगात धाडायचं ते ठरवण्याची सोय कलम २० मध्ये आहे, पण ती प्रौढ म्हणून शिक्षा झालेल्यांपुरतीच. ती मंडळाच्या हाती दिली, तर तीन महिन्यांत मन वाचण्याची सक्ती उरणार नाही. निर्णयाआधी काही वर्षं त्या मुलाचं वागणं समोर असेल, आणि त्याची नोंदही.