क्लब ओस पडले; झोप परतली का?

मुंबई कधी झोपत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे काळजी करण्याजोगे लक्षण आहे. गेल्या वीस वर्षांत या शहराची रात्र बरीच बदलली. उपनगरांतल्या डान्स बारची सद्दी संपली, गिरण्यांच्या आवारांत सुरू झालेले काही गाजलेले क्लब बंद पडले आणि अलीकडे तरुणांच्या एका गटात दारूविना रंगणाऱ्या कॉफी पार्ट्या आणि ‘भजन क्लबिंग’ यांची चलती आहे. दारू कमी, धूर कमी, धिंगाणा कमी. म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने आनंदच, असे वाटणे साहजिक आहे. पण रात्री दीडच्या सुमारास कुर्ल्यात पाहिले तर चित्र वेगळे दिसते. लोकमान्य टिळक टर्मिनसबाहेर रिक्षांची रांग असते, लाल बहादूर शास्त्री मार्गावर खाण्याच्या पिशव्या घेऊन दुचाकी धावत असतात आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांत दिवे जळत असतात. रात्र सरलेली नाही, तिचा पत्ता तेवढा बदलला आहे.

भोंगा, बार आणि मॉल

कुर्ल्याला जागरण नवे नाही. जमशेटजी टाटा यांनी १८८६ मध्ये इथली धरमसी मिल विकत घेतली आणि तिची ‘स्वदेशी’ केली. पुढे मुंबईतल्या गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या आणि ‘रातपाळी’ हा घरोघरचा शब्द झाला. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार या शहराने पाहिले आहेत. एक जण कामाला निघाला, की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा आडवा होई. कष्ट होतेच, पण पाळी ठरलेली असे आणि ‘रातपाळीचा माणूस झोपलाय’ म्हटले, की चाळीतली पोरेही दबक्या आवाजात खेळत.

गिरण्या मंदावल्या त्या काळात उपनगरांत आणि महामार्गांच्या कडेला डान्स बार वाढले. ऑगस्ट २००५ मध्ये राज्य सरकारने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधील नृत्यावर बंदी घातली. तारांकित हॉटेले आणि बड्या क्लबांना मात्र त्यातून सूट होती. सुमारे ७५ हजार बारबालांच्या रोजीरोटीचा प्रश्न असल्याचे त्या वेळी सांगितले जात होते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. बंदीमुळे काम गेलेल्या अनेक स्त्रियांना पोटासाठी देहविक्रयाकडे वळावे लागले, याची दखलही न्यायालयाने घेतली. जानेवारी २०१९ मध्ये नव्या कायद्यातल्या अनेक अटी शिथिल झाल्या, पण गेलेले दिवस परतले नाहीत. ‘रात्र बंद केली की रात्रीचे प्रश्न सुटतात’ हा समज किती महाग पडू शकतो, याचा हा घरचा दाखला आहे.

श्रीमंतांची रात्र वेगळ्या कारणांनी आटली. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेला ‘ब्लू फ्रॉग’ २०१६ मध्ये बंद पडला. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला आणि गच्चीवरच्या पब-रेस्तराँच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. २०१८ मध्ये राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली. मग २०२० ची टाळेबंदी. हे केवळ मुंबईत घडले नाही. ब्रिटनमध्ये २०२० नंतरच्या काही वर्षांत सुमारे एक तृतीयांश नाइट क्लब बंद झाले. बर्लिनचा प्रसिद्ध ‘वॉटरगेट’ क्लब २०२४ च्या अखेरीस बंद झाला. वाढती भाडी, महागलेले तिकीट, शेजाऱ्यांच्या तक्रारी, दारूकडे पाहण्याची नव्या पिढीची बदललेली दृष्टी आणि हातातल्या फोनवर मिळणारी करमणूक, अशी कारणे सगळीकडे सारखीच आहेत.

दुसरीकडे जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील मॉल आणि बंदिस्त आवारांतली दुकाने, उपाहारगृहे २४ तास उघडी ठेवण्यास मंजुरी दिली. पब आणि बारची वेळ मात्र रात्री दीडपर्यंतच राहिली. म्हणजे दारूची रात्र कायद्याने संपते. कामाची आणि खरेदीची रात्र संपत नाही.

कानाला शब्द कळत नाहीत

क्लबमधले पहिले नुकसान कानाचे. आंतरकर्णातल्या केसासारख्या सूक्ष्म पेशी आवाजाचे रूपांतर चेतासंदेशात करतात. त्या एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे बहुतेकांना चालते. पण दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी. म्हणून १०० डेसिबलला हाच आठवड्याचा शिधा साधारण २४ मिनिटांत संपतो. कार्यक्रमस्थळी सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे मानक संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केले. ही वरची मर्यादा आहे, ‘इतका चालेल’ अशी शिफारस नव्हे.

हा हिशेब टेक्नोला जसा लागू आहे, तसाच भजनाला, बँजोला आणि वरातीच्या डीजेलाही. कानातल्या पेशींना शब्द कळत नाहीत, डेसिबल कळतात. क्लब सुटला, पण कानात इअरफोन आला, तर फारसा फरक पडत नाही. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी बरेच जण आवाज वाढवतात आणि तो रोज तासभर कानात जातो. कार्यक्रमाहून परतल्यावर कानात शिट्टी किंवा ‘सूं’ असा आवाज येत राहिला, तर कानावर अतिताण पडल्याची ती खूण समजावी. दोन-तीन दिवसांत तो गेला नाही, किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई नको.

घरातला पेला आणि उशाशी प्रकाश

दारूचेही तसेच. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात दारू घरपोच देण्यास परवानगी मिळाली आणि पिण्याची जागा बारमधून घरात सरकली. बारमध्ये निदान माप असते. ३० मिलीलिटर व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम मद्यार्क असतो. घरी ओतलेल्या ‘एका’ पेल्यात ते दोन-तीन पेग सहज भरतात. ‘दारूने झोप चांगली लागते’ हाही अर्धाच खरा समज आहे. झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटक होते, स्वप्नांची झोप घटते, घोरणे वाढते. घोरताना श्वास अडकण्याचा त्रास असलेल्यांना हे विशेष घातक ठरते. आरोग्याला अजिबात अपाय न करणारे दारूचे प्रमाण सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

क्लब ओस पडल्यावर सर्वांत मोठी गर्दी झाली ती फोनच्या पडद्यावर. आपल्या मेंदूत एक मुख्य घड्याळ आहे. पेशींमधली अशी घड्याळे कशी चालतात, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः प्रकाशावर लागते. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींचे कामच मुळी ‘बाहेर दिवस आहे की रात्र’ हे मेंदूला कळवण्याचे असते आणि निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री उशिरा असा प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला, की झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन कमी आणि उशिरा तयार होते. त्यात एकामागून एक येणाऱ्या रील मेंदूला शांत होऊ देत नाहीत. क्लबमध्ये जागरण शनिवारी होई; उशाशी फोन असला, की ते रोज होते.

जागे राहणे ज्यांच्या हातात नाही

इथवरचे जागरण निवडीचे. कुर्ल्यातला खरा प्रश्न त्यांचा आहे, ज्यांना निवड नाही. हॉटेलातले आचारी आणि वेटर, मॉलचे सफाई कामगार, वॉचमन, परदेशी वेळेवर काम करणारे कॉल सेंटरचे तरुण, रुग्णालयातल्या परिचारिका, रिक्षावाले आणि मध्यरात्री बिर्याणी पोहोचवणारे डिलिव्हरी बॉय. घरी बसलेल्याची रात्र सोयीची व्हावी म्हणून यांची झोप खर्ची पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रातपाळीला ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात २००७ मध्ये घातले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवले. पाळ्यांत काम करणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे ९ टक्क्यांनी अधिक असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. रात्री इन्सुलिनचे काम मंदावते, त्यामुळे तेच जेवण रात्री दोनला घेतले, तर रक्तातली साखर जास्त चढते. आधीच मधुमेहाकडे झुकलेल्या आपल्या समाजात ही बाब किरकोळ नाही.

अपघाताचा धोका तर त्याच रात्रीचा. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असल्यासारखी मंदावते, असे १९९७ मधील एका प्रयोगात आढळले. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. सकाळी आठला उठून रात्री एकला दुचाकीवर असलेला तरुण दारूचा थेंबही न घेता ही रेषा ओलांडतो. नाकाबंदीतल्या यंत्रात फुंकर मारली, तर तो निर्दोष ठरतो. झोप मोजणारे यंत्र नाक्यावर नसते.

आणि झोप घ्यायची तरी कुठे? पत्र्याच्या छताखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत दुपारी उकाडा असतो, पाण्याची वेळ असते, मुले शाळेतून येतात, रस्त्यावर हॉर्न असतात. रातपाळी करणारी स्त्री घरी आली, की तिचा दिवस स्वयंपाकापासून सुरू होतो. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा मुळातच तोकडी आणि उथळ असते. त्यात अशी परिस्थिती असली, की चार-पाच तासांवर भागवावे लागते. मग डोकेदुखी, पित्त, चिडचिड, वाढलेला रक्तदाब अशा तक्रारी घेऊन ही माणसे दवाखान्यात येतात. गोळ्या मिळतात, ‘तुम्ही झोपता केव्हा?’ हा प्रश्न अनेकदा राहून जातो.

काय करता येईल?

रातपाळी टाळता येत नसेल, तर तिचा अपाय कमी करता येतो.

झोपेचे किमान चार तास रोज, सुटीच्या दिवशीही, एकाच वेळी ठेवावेत आणि उरलेली झोप सोयीने घ्यावी. मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी करावे. मध्यरात्रीनंतर फुटाणे, फळ, ताक असे हलके खावे. चहा-कॉफी झोपण्यापूर्वी सहा तास बंद करावी. सकाळी घरी परतताना गॉगल घालावा, पण डोळ्यांवर झापड असेल तर वाहन चालवू नये. खोलीत जाड पडदा, तो शक्य नसेल तर डोळ्यांवर गडद कापड आणि कानात फोमचे बोळे, एवढी साधने स्वस्तात मिळतात. पाळीत २० मिनिटांची डुलकी चहाच्या तिसऱ्या कपापेक्षा गुणकारी ठरते. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि वजन तपासावे. मोठे घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणे ही लक्षणे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत.

बाकीचे काम मालकांचे आणि शहराचे. पाळ्या वारंवार उलटसुलट करू नयेत. बदलायच्याच तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या असाव्यात. दोन पाळ्यांत किमान ११ तासांची उसंत हवी. रातपाळीच्या कामगाराची आरोग्य तपासणी मोफत व्हावी, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९० चा करार सांगतो. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा स्त्रियांना रात्री कामावर ठेवताना त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था आवश्यक मानतो, पण त्याचा मुख्य भर ठरावीक संख्येहून अधिक कामगारांच्या आस्थापनांवर आहे. दुचाकीवरचा मुलगा आणि टपरीवरचा पोऱ्या त्याच्या बाहेरच राहतात. २४ तास उघड्या राहणाऱ्या शहरात रात्री स्वच्छतागृह, पाणी आणि दहा मिनिटे टेकायला जागा हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे.

क्लब किती वाजेपर्यंत उघडे असावेत, यावर शहरात वाद होत राहतील. रात्रभर राबून आलेल्या माणसाला दिवसा सहा-सात तास सलग झोप मिळावी, यावर वाद असण्याचे कारण नाही. शेजारी कुणी रातपाळीचे असेल, तर दुपारी टीव्हीचा आवाज थोडा कमी करावा. हे औषध जुन्या चाळींना ठाऊक होते.