अत्यवस्थ रुग्ण आणि रक्तशर्करेचे नियंत्रण

अतिदक्षता विभागातील रुग्णाला मधुमेह नसतानाही इन्शुलिन दिले जात असल्याचे पाहून नातेवाईक पुष्कळदा गोंधळून जातात. परंतु शरीरावर मोठे संकट कोसळले, की निरोगी माणसाचीही रक्तशर्करा वाढू शकते. ती किती खाली आणावी, हा प्रश्न रुग्णाच्या जीविताशी निगडित आहे.

साखर का वाढते?

गंभीर जंतुसंसर्ग, हृदयविकाराचा झटका, मोठी शस्त्रक्रिया, भाजणे अथवा अपघात अशा प्रसंगी अ‍ॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल व ग्लुकॅगॉन ही संप्रेरके मोठ्या प्रमाणात स्रवतात. त्यांच्या प्रभावाने यकृत अधिक शर्करा रक्तात सोडते. स्नायूंवर मात्र इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. स्टिरॉइड औषधांमुळे यात आणखी भर पडते. मेंदूला इंधन मिळावे यासाठी ही योजना अल्पकाळ उपकारक असते. तथापि साखर फार चढी राहिल्यास पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची शक्ती घटते, लघवीवाटे पाणी व क्षार निघून जातात आणि जखमा भरण्यास विलंब लागतो. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य रोग बळावला, त्यामागे अनियंत्रित रक्तशर्करा व स्टिरॉइडचा वापर ही महत्त्वाची कारणे होती.

संशोधनाचा कौल

बेल्जियममधील ल्युवेन येथे डॉ. ग्रीट व्हॅन डेन बर्घ यांनी शस्त्रक्रिया विभागातील १,५४८ अत्यवस्थ रुग्णांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १०० मिलिलिटर रक्तात ८० ते ११० मिलिग्रॅम इतकी साखर राखल्यास अतिदक्षता विभागातील मृत्यूंचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. साहजिकच कडक नियंत्रणाचा पुरस्कार सर्वत्र होऊ लागला.

पुढे ६,१०४ रुग्णांचा समावेश असलेल्या ‘नाइस-शुगर’ या बहुराष्ट्रीय अभ्यासाने २००९ मध्ये निराळे चित्र दाखविले. कडक नियंत्रणाच्या गटात नव्वद दिवसांत २७.५ टक्के, तर १८० पर्यंत साखर चालू दिलेल्या गटात २४.९ टक्के रुग्ण दगावले. साखर ४० किंवा त्याहून खाली घसरण्याचे प्रमाण अनुक्रमे ६.८ व ०.५ टक्के होते. रक्तातील साखर अतिशय कमी झाल्यास मेंदूला इजा पोहोचते. शिवाय बेशुद्ध रुग्ण घाम, थरथर किंवा भूक यांची तक्रार करू शकत नाही. म्हणून आता साधारणतः साखर १८० च्या वर टिकून राहिल्यास इन्शुलिन सुरू करून ती १४० ते १८० च्या दरम्यान ठेवली जाते आणि वारंवार तपासली जाते.

मधुमेही व अमधुमेही

दोघांच्या बाबतीत एकच आकडा सारखाच अर्थपूर्ण नसतो. ज्यांचे शरीर वर्षानुवर्षे चढ्या साखरेला सरावलेले असते, त्यांची साखर एकाएकी फार खाली आणणे धोक्याचे ठरू शकते. उलट, मधुमेह नसलेल्या रुग्णांत चढ्या साखरेचा मृत्यूशी असलेला संबंध अधिक ठळक आढळतो. मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दर्शविणारी एचबीए१सी ही तपासणी केल्यास मधुमेह पूर्वीचाच आहे, की साखर केवळ आजाराच्या ताणामुळे वाढली आहे, हे समजण्यास मदत होते.

नातेवाइकांनी काय करावे?

रुग्णाला मधुमेह असल्यास त्याची औषधे, इन्शुलिनची मात्रा व जुने अहवाल दाखल करतानाच डॉक्टरांना दाखवावेत. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात साखरपाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. इन्शुलिन सुरू केले म्हणजे ते जन्मभर घ्यावे लागेल, असेही नाही. ताण ओसरताच पुष्कळांची साखर पूर्ववत होते. मात्र अशा व्यक्तींना पुढे मधुमेह होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून घरी परतल्यावर काही आठवड्यांनी व त्यानंतर दरवर्षी रक्त तपासून घ्यावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती गावोगाव पोहोचविल्यास अकारण भीती दूर होईल आणि दडून राहिलेला मधुमेह वेळीच उघडकीस येईल.