निरोप जाहीर करून

5 जुलै 2025 च्या शनिवारी, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्न शेवटचं गायला. तो मंचावर आला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून आषाढी एकादशीची तारीख लागली होती. पंढरपुरात चंद्रभागेला माणसांचा पूर आला होता आणि इकडे भोरच्या पश्चिमेला, हिर्डोशी खोऱ्यात, भातलावणीचे दिवस होते. नीरा-देवघरच्या पाण्याकाठची ही गावं आणि बर्मिंगहॅमचे कारखाने यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही त्या रात्रीचा विचार करताना मला या मावळातलं भजन आठवत राहतं.

ऑझी व्हिला पार्कच्या शेजारचाच, ॲस्टन या कामगार वस्तीत वाढलेला. 1968 मध्ये चौघा पोरांनी जो बँड उभा केला, त्याचं नाव पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ झालं. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा उगम बहुतेक जण तिथेच मानतात. त्या संगीताच्या मुळाशीच एक जखम आहे. गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे बोटांना सोसावं म्हणून तारांचा ताण उतरवला. त्या सैल तारांतून जो खर्जातला, जड आवाज निघाला, त्यावर पुढच्या कित्येक पिढ्या वाजवत आल्या.

ऑझीने निरोप एकदा आधीही घेतला होता. 1992 मध्ये त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाल्याचं सांगण्यात आलं आणि त्याने अखेरचा दौरा काढला. ते निदान चुकीचं ठरलं. पार्किन्सन्सचं खरं निदान 2019 मध्ये झालं आणि जानेवारी 2020 मध्ये त्याने टीव्हीवर ते स्वतः सांगितलं. घरात पडल्याने मणक्याचं जुनं दुखणं उलटलं, शस्त्रक्रिया झाल्या, दौरे पुढे ढकलले गेले. अखेर फेब्रुवारी 2023 मध्ये त्याने दौरे थांबवले. उरला तो घराजवळचा एकच कार्यक्रम.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात थरथरतात, अंग ताठरतं, आणि आवाज बारीक, सपाट होत जातो. आपला आवाज किती बसला आहे हे पुष्कळदा रुग्णाच्या लक्षातही येत नाही. गाणाऱ्यासाठी याहून क्रूर काय असेल? आणि याच आजारात ताल कामी येतो. चालताना पाय जागीच अडतो तेव्हा बाहेरून ठेका मिळाला, तर पुष्कळांचं पाऊल पुन्हा उचलतं. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवत आले आहेत. त्या वर्गाकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये.

व्हिला पार्कवर ऑझी काळ्या सिंहासनात बसून गायला. ‘मामा, आय ॲम कमिंग होम’ गाताना त्याचा आवाज कापू लागला आणि मैदानाने गाणं उचललं. नंतर ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे वीस वर्षांत प्रथमच एकत्र वाजले. कार्यक्रमाचं उत्पन्न पार्किन्सन्सवरच्या संशोधनासाठी आणि मुलांच्या रुग्णालयासाठी होतं. 22 जुलैला, सतराव्या दिवशी, ऑझी गेला. 76 वर्षांचा होता.

याआधी अमेरिकेत गायक ग्लेन कॅम्पबेलने 2011 मध्ये अल्झायमर जाहीर करून दौरा काढला. ठरले त्याहून कार्यक्रम वाढत गेले, दीडशेवर झाले. शब्द पडद्यावर दिसत आणि बँडमध्ये त्याची तीन मुलं असत. इथे मला भजन आठवतं. म्हाताऱ्या बुवांचा श्वास अपुरा पडला, चरण निसटला, तर टाळकरी तो उचलून धरतात. कोणी वळून पाहत नाही, अभंग खंडत नाही. कॅम्पबेलची मुलं तेच करत होती. कॅनडाचा गायक गॉर्ड डाउनी याने मेंदूच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर 2016 मध्ये बँडसह देशभर दौरा केला. किंग्स्टनमधला शेवटचा कार्यक्रम सुमारे एक कोटी सतरा लाख लोकांनी पाहिला किंवा ऐकला. इंग्लंडचा गिटारवादक विल्को जॉन्सन 2013 मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगामुळे निरोपाचे कार्यक्रम करत होता. छायाचित्रं काढणाऱ्या एका शल्यविशारद चाहत्याला शंका आली की आजार इतका असाध्य असता तर हा माणूस असा उभा राहिला नसता. पुन्हा तपासणी झाली, केंब्रिजला सुमारे तीन किलोंची गाठ निघाली आणि विल्को 2022 पर्यंत जगला. आजार लपवून तो घरी बसला असता, तर त्या डॉक्टरची नजर त्याच्यावर पडलीच नसती.

आपल्याकडे असा जाहीर निरोप जवळजवळ नाही. क्षयाने कुमार गंधर्वांचं गाणं काही वर्षं बंद पाडलं. देवासला राहूनच ते मंचावर परतले ते एका फुफ्फुसाच्या बळावर आणि वेगळं गाणं घेऊन. ते पुनरागमन होतं. निरोपाचं उदाहरण भीमसेन जोशींचं. गुरूंच्या स्मृतीसाठी 1953 पासून त्यांनी सवाई गंधर्व महोत्सव भरवला. दुखण्यांमुळे गाणं थांबल्यानंतर 2007 मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, ते पुण्यातल्या रमणबागेच्या मैदानावर पुन्हा गायले. त्या महोत्सवातलं ते त्यांचं शेवटचं गाणं. तसं कोणी जाहीर केलं नव्हतं.

आजार सांगितला की आमंत्रणं आटतात, लोक कीव करतात, या भीतीने आपले कलावंत गप्प राहतात. ती भीती खोटी नाही. म्हणूनच पहिलं पाऊल आयोजकांनी टाकायला हवं. थकलेल्या गायकाला जाहीरपणे बोलवावं, खुर्ची द्यावी, शब्द समोर ठेवावेत, मागे बसायला त्याचे दोन शिष्य द्यावेत, आणि कार्यक्रम चाळीस मिनिटांचा असेल हे तिकिटावरच छापावं.