मटक्यातील दहा चिठ्ठ्या

पाण्याचा मातीचा मटका तुम्हांला माहीत आहेच. मुंबईत या शब्दाला आणखी एक अर्थ मिळाला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय निघतो, यावर पूर्वी तेथे लोक पैसे लावत. 1960 च्या दशकात ते भाव मिळणे बंद झाले. मग शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मटक्यात टाकून एक चिठ्ठी काढू लागले. पुढे चिठ्ठ्यांऐवजी पत्ते आले, पण नाव मटकाच राहिले. आकडा लागला तर एका रुपयाचे नऊ रुपये मिळत. गिरणीत आठ तास राबून मिळवलेला पगार कित्येकांनी या आकड्यांत घालवला.

एकाला नऊ! ऐकायला किती गोड वाटते! हा सौदा कसा आहे, ते आपण स्वतःच करून पाहू. पैसे मात्र नकोत, एक पैसाही नको. चिंचोके पुरे.

दहा मुले बसा. प्रत्येकाने पन्नास चिंचोके आणि एक वेगळा आकडा घ्यावा. अकरावा मुलगा मटकेवाला. दर वेळी प्रत्येकाने एक चिंचोका द्यायचा. ज्याचा आकडा निघेल त्याला मटकेवाल्याने नऊ द्यायचे. चिठ्ठी पुन्हा मटक्यात टाकून मटका हलवायचा. असे पन्नास वेळा करा.

काय दिसेल? दोघे-तिघे चांगलेच कमावतील आणि मोठ्याने बोलतील. ज्यांचे गेले ते गप्प बसतील. गल्लीतही असेच होते. जिंकलेल्याची बातमी सगळीकडे पसरते, हरलेला घरीसुद्धा सांगत नाही. आता मटकेवाल्याचा डबा मोजा. त्यात बरोबर पन्नास चिंचोके असतील, एक कमी नाही, एक जास्त नाही. कारण दर वेळी दहा आले, नऊ गेले, एक उरला. त्याला नशिबाची गरजच पडली नाही.

खेळताना आपल्या मनात काय आले, तेही वहीत लिहा. “माझा सहा होता, सात निघाला, थोडक्यात हुकले!” असे वाटेल. पण सात काय आणि दोन काय, सहा नव्हे ते नव्हेच. “बारा वेळा माझा आकडा आला नाही, आता येणारच,” असेही वाटेल. मटक्यातल्या चिठ्ठीला मागचे काही आठवत नसते. तेराव्या वेळीही दहांत एकच संधी असते.

मग एवढे गणित कळले की जुगार सुटतो का? कॅनडातील आल्बर्टा प्रांतात हे तपासून पाहिले. तेथील एका विद्यापीठात विद्यार्थ्यांना जुगाराचे गणित शिकवले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की त्यांना गणित उत्तम येऊ लागले, पण त्यांचे जुगार खेळणे कमी झाले नाही! नंतर त्याच प्रांतातील शाळांत ‘स्टॅक्ड डेक’ नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गणिताबरोबर मनाच्या चुका ओळखणे आणि विचार करून निर्णय घेणे यांचा सरावही होता. 2010 साली त्याचे निष्कर्ष आले. मुलांचे गैरसमज तर घटलेच, खेळणेही कमी झाले.

मला यात नवल वाटत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकतो का?

आता मटका चौकात शोधावा लागत नाही, तो फोनमध्ये शिरला आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा 2025 साली संसदेने केला. तरीही, “पन्नास रुपयेच लाव, मी काल पाचशे जिंकलो,” असे म्हणणारा मित्र कधीतरी भेटेलच. म्हणून चिंचोके डब्यात भरल्यावर आणखी एक खेळ करा. एकाने तो मित्र व्हावे आणि खूप आग्रह करावा. दुसऱ्याने मैत्री न तोडता नाही म्हणावे. मग जागा बदला. पहिल्या वेळी शब्द अडखळतील, हसूही येईल. चार वेळा करून पाहा आणि कोणते उत्तर सहज जमले, ते वहीत आपल्याच शब्दांत लिहून ठेवा.