डोळ्याचे यमक आणि कानाचे यमक

मोर्च्याच्या घोषणेला यमक लागते ते शोभेसाठी नव्हे. पाचशे माणसांनी एका दमात एकच वाक्य म्हणायचे, तर सर्वांचा श्वास एकाच जागी सुटला पाहिजे. ती जागा यमक दाखविते. ओव्या, अभंग, पोवाडे ऐकत वाढलेल्या माणसाला मराठीत हे शिकवावे लागत नाही. इंग्रजीत मात्र आमची चांगलीच फजिती झाली. त्या फजितीतून जे कळले तेच आज श्रोत्यांपुढे ठेवतो.

एका कारखान्यात परदेशातले साहेब पाहणीला यायचे होते. त्यांना समजावी म्हणून घोषणा इंग्रजीत द्यायची ठरली. आम्ही शब्दकोश घेऊन बसलो आणि 'फूड' व 'ब्लड' या शब्दांवर घोषणा बेतली. एक अन्न, दुसरे रक्त. दोहोंच्या शेवटी दोन ओ आणि एक डी. कागदावर यमक चोख! पण फाटकावर पहिली ओळ उठली आणि दुसरी पडली. तिसऱ्या वेळेस लोक गप्पच झाले. तेव्हा ऑफिसातली एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, हे कागदावर जुळतं, तोंडात नाही जुळत."

मुलीने शास्त्रच सांगितले होते. आमचे सारे इंग्रजी डोळ्यांनी शिकलेले, कायद्याची पुस्तके आणि करारनामे वाचून. इंग्रजी यमक मात्र कानाचे असते. फूड, गुड, ब्लड हे तिन्ही शब्द लिहिण्यात एकसारखे. उच्चारात तिघांची तोंडे तीन दिशांना. असे का झाले? इंग्लंडात कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना काढला, आणि पुढे छपाईबरोबर शब्दांची लेखी रूपे हळूहळू गोठत गेली. जीभ काही गोठली नाही. त्याच शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर पार पालटले. लेखन मागे राहिले, उच्चार पुढे गेला.

मग इंग्रजी शब्दाचे यमक शोधावे कसे? आमची रीत साधी आहे. शब्द मोठ्याने म्हणावा आणि आघात कोणत्या स्वरावर पडतो ते पाहावे. त्या स्वरापासून शेवटापर्यंतचा भाग म्हणजे शब्दाचे शेपूट. शेपूट तेच ठेवून त्यापुढचे व्यंजन बदलले की पूर्ण यमक झाले. आमच्या धंद्यातलाच शब्द घ्या : स्ट्राइक. शेपूट 'आइक'. आता आपली वर्णमाला क पासून ह पर्यंत फिरवा. पाइक, बाइक, माइक, लाइक, हाइक हाती लागतात. जोडाक्षर घेतले तर स्पाइक. व्यंजन मात्र बदललेच पाहिजे. 'लिहिणे' आणि 'हक्क' या अर्थांचे दोन 'राइट' जोडले तर ते यमक कच्चे समजतात.

आघाताकडे आमचे दुर्लक्ष होते, कारण मराठी यमकात त्याला विचारीत नाहीत. वर्किंग आणि मीटिंग आपल्या कानाला जुळतात. इंग्रज कानाला नाहीत. तेथे वर्किंगला शर्किंग हवे, म्हणजे कामचुकारपणा, मीटिंगला ग्रीटिंग. लेबरला नेबर म्हणजे शेजारी जुळतो, हे आम्हांला फार आवडले.

या कामी देवनागरी मोठी मदत करते. वर्क आणि फोर्क रोमन लिपीत भावंडे दिसतात. देवनागरीत लिहिताच नाते तुटते. पण देवनागरीवरही डोळे मिटून विसंबू नये. कर्ज या अर्थाचा शब्द आणि तारीख या अर्थाचा शब्द, दोन्ही आपण 'डेट' असेच लिहितो. इंग्रजीत पहिल्यातला ए आखूड, दुसऱ्यातला लांब. म्हणून कर्जाची डेट नेट, सेट यांच्या पंगतीला बसते आणि तारखेची डेट दर या अर्थाच्या रेटच्या. शिवाय गावागावांत फरक आहेच. इंग्लंडात क्लार्कचे यमक पार्कशी, अमेरिकेत तोच क्लर्क होऊन वर्कशी जुळतो.

काही शब्दांना पूर्ण यमक मिळतच नाही. पगार ज्यावर मोजतात तो 'मंथ' घ्या. मराठीत ग्रंथ, पंथ, संथ अशी रांग लागेल. इंग्रजीच्या रोजच्या शब्दांत त्याला जोडीदार नाही. अशा वेळी जवळचे यमक घ्यावे, जसे फ्रंट. त्याच्या दोन वाटा आहेत. स्वर राखून व्यंजन बदला : स्ट्राइक, राइट, टाइम. नाहीतर व्यंजने राखून स्वर बदला : स्ट्राइक, स्ट्रोक, स्ट्रीक, स्ट्रक. पहिल्या महायुद्धातला कवी विल्फ्रेड ओवेन याने ही दुसरी वाट मुद्दाम धरली. जुळता जुळता राहून जाणारा तो आवाज रणभूमीच्या कवितेला शोभला. १९१८ साली, युद्ध थांबण्यास एक आठवडा उरला असता, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो मारला गेला.

यमकांचे कोशही आहेत. जॉन वॉकर याने १७७५ साली शब्द शेवटच्या अक्षराकडून उलटे लावून कोश रचला; म्हणजे मांडणी डोळ्याचीच. आता अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश आहे. त्यात सव्वा लाखांहून अधिक शब्द उच्चारांनी नोंदले आहेत, आणि यंत्र त्यावरून क्षणात यमक काढते. पण यंत्राने दिलेली यादी तोंडाने म्हणून पाहिल्याशिवाय फाटकावर नेऊ नये.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकदा वाटाघाटीत आम्ही कामगारांच्या कर्जाचा आकडा मांडला आणि लेखनात दिसतो तसा 'डेब्ट' म्हणालो. समोरचे अधिकारी किंचित हसले. आकडा बाजूला राहिला, ते हसू टेबलावर राहिले. तो ब मूळचा नव्हेच. फ्रेंचातून आलेल्या शब्दात पंडितांनी तो लॅटिनच्या हौसेने घुसडलेला. घरी येऊन आम्ही त्या शब्दाची यमके काढली. नेट, सेट करता करता एक शब्द पुढे आला, जो आम्ही वर्षानुवर्षे 'स्वीट' असा वाचीत होतो. तो होता 'स्वेट', म्हणजे घाम. कर्ज आणि घाम यांचे इंग्रजीत पूर्ण यमक जुळते!

पुढच्या बैठकीत दोन्ही शब्द आम्ही नीट उच्चारले. कोणी हसले नाही. बोलणे आकड्यावर झाले.