एकाच रबराचा कारभार

टेबल टेनिसच्या बॅटींमध्ये जपानी पद्धतीची पेनहोल्ड बॅट जितकी देखणी, तितकीच एकांगी आहे. लांबट चौकोनी पाते, मुठीच्या जागी उंच कोरून बसविलेले बूच, त्याभोवती लेखणी धरल्याप्रमाणे वळलेली तर्जनी व अंगठा, पाठीमागे टेकलेली उरलेली तीन बोटे, आणि रबर मात्र एकाच अंगाला, असे तिचे स्वरूप. शेकहँड पद्धतीने खेळणारा मनुष्य फोरहँडसाठी एक व बॅकहँडसाठी दुसरे रबर निवडतो, आणि त्यांतील एखादे मनासारखे न निघाल्यास तेवढेच बदलून मोकळा होतो. पेनहोल्डवाल्यास ही मुभा नाही. सर्व्हिस, रिसीव्ह, टॉपस्पिन, स्मॅश, आणि त्याच तोंडाने मनगट वळवून करावयाचा बॅकहँडचा ब्लॉक, हा सारा कारभार एका रबराच्या शिरावर असतो. पाठीमागची उघडी बाजूसुद्धा नियमानुसार रंगवावी लागते, आणि त्या बाजूने चेंडू मारण्याची परवानगी नसते.

रबराचे गुणावगुण ज्या लाकडाच्या संगतीत ठरतात, त्या लाकडापासूनच आरंभ करणे इष्ट. हे पाते परंपरेने हिनोकी नामक जपानी वृक्षाच्या एका अखंड फळीतून काढतात. इतर बॅटींप्रमाणे पाच किंवा सात पापुद्रे एकमेकांस चिकटवून ते सिद्ध होत नाही. जाडी साधारण 9 ते 10 मिलिमीटर. या वृक्षांत किसो खोऱ्यातील हिनोकीची प्रतिष्ठा विशेष, कारण इसे येथील महामंदिर दर 20 वर्षांनी नव्याने बांधण्याची जी प्राचीन प्रथा आहे, तिच्यासाठी हेच लाकूड लागते. ओवारीच्या सरदारघराण्याच्या अंमलात तर ते चोरून तोडणाऱ्यास देहदंडापर्यंतच्या शिक्षा फर्मावल्या जात. थंड डोंगराळ मुलखात झाड सावकाश वाढते, वलये दाट बसतात, आणि रेषा जितक्या दाट व सरळ तितकी पात्याची किंमत चढी लागते. हे लाकूड हलके व मऊ असून चेंडू क्षणभर त्यात रुतल्यासारखा वाटतो आणि मग अनपेक्षित वेगाने सुटतो. हा मऊपणा व हा वेग एकत्र नांदणे हीच त्याची ख्याती होय.

या बॅटीच्या इतिहासात आपल्या मुंबईलाही स्थान आहे. 1952 साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरल्या, आणि त्यांत प्रथमच उतरलेल्या जपानी संघातील हिरोजी सातो या पेनहोल्ड खेळाडूने, दाणेदार रबराऐवजी नुसता जाड स्पंज लावलेल्या बॅटीने, हंगेरीच्या योझेफ कोचियान याला अंतिम सामन्यात हरवून पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळविले. तोवरच्या खेळाडूंना दाण्यांवर आपटणाऱ्या चेंडूचा नाद ऐकून फटक्याचा अंदाज बांधण्याची सवय होती. सातोच्या बॅटीवरून चेंडू जवळजवळ निःशब्द येत असे, आणि भल्याभल्यांचा हिशेब चुके. पुढे 1959 साली आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस मंडळाने उघड्या स्पंजास बंदी केली आणि स्पंजासह रबराची एकूण जाडी 4 मिलिमीटरच्या आत असावी असा दंडक घातला. आज दुकानात मिळणारे प्रत्येक रबर याच मर्यादेच्या आत जन्मास येते.

निवड करू लागले की पहिला प्रश्न दाण्यांचा. दाणे आत व गुळगुळीत पृष्ठ बाहेर असलेले रबर चेंडूला पकडून फिरकी देते. दाणे बाहेर असलेले आखूड दाण्यांचे रबर फिरकी थोडी देते, परंतु प्रतिस्पर्ध्याच्या फिरकीलाही फारशी भीक घालत नाही आणि टेबलाजवळून सपाट फटके मारू देते. दोन्ही पंथांना जपानमध्ये थोर अनुयायी लाभले : 1977 साली बर्मिंगहॅम येथे जगज्जेता झालेला मित्सुरू कोहनो हा बाहेर दाणे असलेल्या रबराने खेळे, तर 1979 साली प्योंगयांग येथे जिंकलेला सेइजी ओनो गुळगुळीत रबराचा खेळाडू होता. ज्याला टेबलापासून मागे सरून, पायांच्या बळावर अर्धे मैदान धावून फोरहँडनेच डाव मारावयाचा आहे, त्याने गुळगुळीत रबराकडे वळावे; आणि ही बॅट हाती धरणाऱ्या बहुतेकांची आकांक्षा तीच असते.

खरा पेच त्यापुढे आहे. दुकानात गेलेला मनुष्य सहसा आपला आवडता फटका मनात ठेवून रबर मागतो, म्हणजे सणसणीत फोरहँड डोळ्यांपुढे आणून सर्वांत वेगवान ताणयुक्त रबर उचलतो. माझ्या मते ही निवड उलट्या टोकाकडून करावयास हवी. फोरहँडला वेग कमी पडला तर पाय, कंबर आणि ते जाड हिनोकी मिळून तो भरून काढतात. परंतु बॅकहँडच्या ब्लॉकमध्ये शरीराचा आधार नसतो, मनगट अवघडलेले असते, आणि आधीच चपळ असलेल्या पात्यावर गोफणीसारखे उसळणारे रबर बसविले, तर प्रतिस्पर्ध्याचा जोरकस टॉपस्पिन टेबलाच्या पलीकडे उडून जातो. तेव्हा ज्या फटक्याची भीती वाटते, त्यावरूनच रबर ठरवावे. 1967 साली आलेले बटरफ्लायचे स्रायव्हर किंवा 1969 सालचे यासाकाचे मार्क फाइव्ह यांसारखी जुनी, मध्यम चालीची रबरे 2008 साली अवतरलेल्या टेनर्जीपुढे निस्तेज भासतात खरी, पण या पात्यावर ती अद्यापि अब्रूने नांदतात. चिनी धर्तीच्या चिकट, कठीण रबरालाही मऊ हिनोकी चांगली साथ देते. अडचण केवळ वजनाची. पाते लांबट असल्यामुळे सारा भार टोकाकडे जातो, आणि तेथे वाढलेले चार ग्रॅम तर्जनीला दुसऱ्याच गेममध्ये जाणवू लागतात. मुठीजवळ बोटे टेकतात तेवढी पट्टी उघडी ठेवण्यास नियमाची हरकत नाही. जाणते खेळाडू ती ठेवतात व थोडे वजन वाचवितात.

आणखी एक बाब, जी विक्रेते क्वचितच सांगतात. अखंड फळीचे हे पाते नाजूक असते. जुने रबर घाईने ओढल्यास त्याबरोबर लाकडाचे तंतू उपटून येतात, म्हणून पहिले रबर लावण्यापूर्वीच वॉर्निशचा पातळ हात द्यावा. 2008 साली द्रावकयुक्त वेगवर्धक गोंदास बंदी झाल्यापासून पाण्यावर आधारलेला गोंद रूढ झाला, तरी ही दक्षता टळलेली नाही.

2004 साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाच्या र्यू सुंग-मिनने अशाच एका अंगाच्या बॅटीने चीनच्या वांग हाओचा 4-2 असा पराभव केला. वांग हाओ हाही पेनहोल्डच, पण चिनी पद्धतीचा, दोन्ही अंगांना रबर लावून पाठीमागच्या बाजूने बॅकहँड मारणारा. त्यानंतर पुरुष एकेरीचे ऑलिंपिक सुवर्ण एका अंगाच्या बॅटीला लाभलेले नाही, आणि यापुढे लाभेल असेही मला वाटत नाही. तथापि ज्याला या बॅटीचा मोह पडलाच असेल, त्याने मध्यम कठीण स्पंजाचे, 2 मिलिमीटरच्या आसपास जाडीचे साधे गुळगुळीत रबर लावावे, आणि दहांतील आठ ब्लॉक टेबलावर पडू लागेपर्यंत त्याहून वेगवान रबराची चौकशीही करू नये.