एक शब्द आणि उरलेले कागद

सन १८४३. नाताळ जवळ आला होता आणि लंडनमधील हेन्री कोल या गृहस्थांना आपल्या परिचितांस पत्रे लिहावयास सवड नव्हती. तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडात एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली होती व टपाल भराभर वाढत होते. कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे १,००० प्रती छापविल्या. स्वतःस लागतील तेवढ्या ठेवून उरलेल्या एकेक शिलिंगला विकावयास काढल्या. बाजारात आलेले पहिले नाताळकार्ड ते हेच मानले जाते.

कार्डाचा जन्म असा वेळ वाचविण्यासाठी झाला. घरी बसून हाताने कार्ड करणारा मात्र आपला वेळच भेट म्हणून देत असतो.

या कामास खर्च फारसा नाही. भेटवस्तूंवरील वेष्टने, जुन्या लग्नपत्रिका, वह्यांना घालून उरलेले नक्षीदार कागद यांचे तुकडे प्रत्येक घरी असतात. २१ × २९.७ सेंटिमीटरचा जाड कागद मधोमध कापून प्रत्येक अर्धा भाग दुमडला की दोन कार्डे होतात. उरलेल्या कागदांच्या सेंटिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या कापून त्या कार्डाच्या दर्शनी बाजूस शेजारी शेजारी चिकटवाव्या. खळ पातळ लावावी आणि कार्ड वाळेपर्यंत जड पुस्तकाखाली ठेवावे. नाही तर कागद सुरकुततो.

आता त्यावरील शब्द. छापखान्यात पोलादाची धारदार पट्टी अक्षराच्या वळणाप्रमाणे वाकवून लाकडी फळीत बसवितात. हीच डाय. बिस्किटांच्या साच्याप्रमाणे तिच्या दाबाने कागदातून अक्षर कापून निघते. घरगुती वापराची, हाताने फिरवावयाची लहान यंत्रेही मिळतात. यंत्र नसेल तर पेन्सिलीने आखून कटरने कापावे. मात्र हे काम मोठ्यांनीच करावे.

येथे आपली लिपी आपल्या मदतीस येते. रोमन लिपीतील सुटी अक्षरे कापली की विखुरतात व एकेक जुळवीत बसावे लागते. ‘नाताळ’ हा शब्द मात्र शिरोरेषेला धरून अखंड निघतो. अनुस्वाराचा ठिपका तेवढा गळून पडतो. म्हणून ‘आनंद’ लिहावयाचा झाल्यास तो ठिपका आधीच जपून ठेवावा. खालचा कागद नक्षीचा असेल तर शब्द एकरंगी असावा, नाही तर तो नक्षीत बुडून जातो. तोच शब्द साध्या पुठ्ठ्यातून आणखी तीन वेळा कापून एकावर एक चिकटविला की अक्षरे उठून येतात.

हा उठाव केवळ शोभेचा नाही, हे आम्हांस गेल्या नाताळात कळले. आमच्या शेजारच्या आजींची दृष्टी मंदावली आहे. दर वर्षी आम्ही त्यांना छापील कार्ड देत असू. त्या “छान आहे हो” म्हणत आणि वाचून दाखविण्यासाठी ते मुलाच्या हाती देत. गेल्या वर्षी आमच्या मुलांनी वरील रीतीने कार्ड केले. आजींनी ते हाती घेतले, शिरोरेषेवरून सावकाश बोट फिरविले, मग एकेका अक्षराच्या वळणावरून. ‘ळ’पाशी बोट क्षणभर थांबले. “नाताळ,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी ते कार्ड त्यांनी मुलाच्या हाती दिले नाही; उशाशी ठेवून घेतले.

टपालाने धाडावयाचे कार्ड पाकिटात घालताना त्याच्या जोडीला एक पुठ्ठा ठेवावा, म्हणजे अक्षरे दबणार नाहीत. परंतु शक्य असेल तेथे कार्ड स्वतः नेऊन द्यावे. ते वाचणारे बोट पाहावयास मिळेल.